खळीची पातेली आणि बाईंचं खोटं

मित्रांनो, मी खळीची पातेली आहे. जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको. माझ्या काठाचा निळा रंग तीन ठिकाणी उडाला आहे, आणि माझं झाकण कुठे गेलं ते मलाच ठाऊक नाही.

खळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. पूर्वी सुती कपडे धुऊन झाले की ते पिठाच्या पातळ पेजेत बुडवून काढत, मग वाळवत आणि मग इस्त्री करत. त्यामुळे कॉलर मान टाकत नसे आणि उशीचा अभ्रा कसा नव्यासारखा दिसे. ती पेज म्हणजे खळ. ती माझ्यात शिजायची, आणि ती शिजवायला मुलींना शाळेत शिकवायचे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्र्याला आकार दिला, त्यावर पांढरा काचेचा लेप चढवला आणि दोन वेळा भट्टीतून काढलं. आम्ही सहा बहिणी एकाच खोक्यातून एका शाळेत आलो. पाच जणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी एकटी गृहशास्त्राच्या खोलीत. त्याच दिवशी तो विषय शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या बुडावर लाल रंगाने लिहिलं, ‘खाण्यासाठी वापरू नये’. झालं! माझ्यात कधी भाजी शिजली नाही, माझ्याभोवती कधी कुणी भूक लागली म्हणून घुटमळलं नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणतात. मला लागायला दुसरं भांडंच नव्हतं.

खोली मात्र छान होती. सहा लांब टेबलं, त्यांवर जुन्या घोंगड्या पसरलेल्या, भिंतीलगत दोन मोऱ्या आणि अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारा होत्या. आठवड्यात पाच तास मुली यायच्या. कधी काज करायला शिकायच्या, कधी रफू, कधी डाग काढणं. शाईच्या डागाला काय लावायचं आणि तेलाच्या डागाला काय, हे त्या एका सुरात म्हणायच्या. गुरुवारी खळ आणि इस्त्री. तो माझा दिवस. बाकीचे सहा दिवस मी फळीवर पालथी.

बाई उंच होत्या, किडकिडीत होत्या आणि कडक होत्या. मुली मागून म्हणायच्या, “बाईंनी स्वतःलाच खळ घातली आहे.” बाईंना ते माहीत होतं. त्या खळ शिकवायच्या त्याही अशाच, एकही शब्द वाया न घालवता. खळीची पूड आधी थंड पाण्यात कालवायची. मग उकळतं पाणी बारीक धारेने ओतायचं. एकाच दिशेने ढवळायचं, हात थांबता कामा नये. दुधासारखा रंग जाऊन पेज काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची.

“खळ जास्त झाली तर कपडा टोचतो,” त्या म्हणायच्या, “कमी झाली तर लोळतो. माणसाला अंगावर काही आहे हे कळूच नये, इतकी घालायची.”

‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकला नाही. काम उत्तम झालं तर त्या “चालेल” म्हणत, आणि तेवढ्यावर मुली आठवडाभर हवेत असत. पण एक होतं. चांगल्या कामाला वाईट आणि वाईट कामाला चांगलं त्यांनी कधी म्हटलं नाही. मुख्याध्यापकांच्या मुलीची वाकडी शिवण त्यांनी तिसऱ्यांदा उसवायला लावली होती, आणि तीसुद्धा मुख्याध्यापकांच्या समोर.

त्या एकट्या होत्या. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत न जाता इथेच डबा उघडून बसायच्या, माझ्या समोरच्या टेबलावर. खाऊन झालं की टेबल पुसायच्या आणि मग मलाही एक फडकं मारायच्या, मी स्वच्छ असले तरी. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी असायचो. बोलत नव्हतो, पण असायचो.

त्या वर्षी आठवीत एक मुलगी आली. तिला सगळ्या ‘गुठळी’ म्हणायच्या, कारण तिच्या खळीत दर गुरुवारी गुठळ्या व्हायच्या. लहानसहान नाहीत, चांगल्या लिंबाएवढ्या. ती खळ गाळायला घेतली की फडकं तुंबायचं. तिने इस्त्री केलेल्या रुमालावर पिवळे डाग पडायचे. वर्ग हसायचा. तीही हसायची, पण तिचे डोळे कधी हसत नसत.

गुठळीला आई नव्हती. वडील कुठल्यातरी बोटीवर कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. ती आत्याकडे राहायची. आत्याची लॉन्ड्री होती, दवाखान्याच्या चादरी आणि पाहुण्यांच्या लॉजचे अभ्रे धुवायची. म्हणून तर वर्गाला जास्त हसू यायचं. लॉन्ड्रीवालीची भाची, आणि हिला खळ येत नाही.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती, जी वर्गाला दिसत नव्हती. गुठळी आधी इकडेतिकडे बघायची, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून पूड कोरडीच उकळत्या पाण्यात टाकायची. ज्याला येत नाही तो असं चोरून चुकत नाही.

एका गुरुवारी बाईंनी तिला शिक्षा केली. “शाळा सुटल्यावर थांब. पातेली घासून ठेव. बुडाला लागलेलं सगळं निघालं पाहिजे.”

सगळ्या गेल्या. गुठळीने मला घासलं, आणि काय चांगलं घासलं! मग ती उगाच उभी राहिली. खोलीत कुणी नव्हतं. तिने डब्यातली दोन चमचे पूड घेतली, थंड पाण्यात कालवली, शेगडी पेटवली. पाणी असं ओतलं की त्या धारेचा आवाजसुद्धा झाला नाही. तिचा हात माझ्यात गोल फिरत होता, न थांबता, न घाई करता. मित्रांनो, माझ्यात शेकडो मुलींनी खळ शिजवली, पण तशी खळ मी पुन्हा पाहिली नाही. तिने खिशातून स्वतःचा चुरगळलेला रुमाल काढला, खळीत बुडवला, पिळला, झटकला आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. रुमाल टेबलावर असा पडला की जणू पांढरी काच. तिने तो दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

दारात बाई उभ्या होत्या.

गुठळीची दाराकडे पाठ होती. बाईंनी रुमाल पाहिला, तिचा हात पाहिला.  मग त्या दोन पावलं मागे गेल्या. तेवढ्यात गुठळीने तो रुमाल मोरीत टाकला, त्यावर नळ सोडला आणि पिळून, चुरगळून पुन्हा खिशात कोंबला. मग बाहेरून बाईंचा खोकला ऐकू आला, आणि नंतर बाई आत आल्या.

“झाली का घासून?”

“हो बाई.”

“जा मग.”

त्या संध्याकाळी बाई खुर्चीवर बसून राहिल्या. असं का करत असेल ही पोर, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. मलाही नाही. ते सुटलं पुढच्या आठवड्यात.

त्या दिवशी शाळेच्या शिपाईमावशी एका बाईला घेऊन खोलीत आल्या. जाडजूड, घामाघूम, बोटं सोड्याने फुटलेली. मधल्या दोन बोटांना चिंधी बांधली होती. ती गुठळीची आत्या होती.

“बसत नाही बाई, काम टाकून आलेय,” आत्या म्हणाली. “एकच विचारायचंय. आमची पोर तुमच्याकडे खळ-इस्त्री शिकते ना? कितपत आलं तिला?”

“का बरं?”

“माझ्याकडच्या दोघीजणी सोडून गेल्या. माझे हात हे असे. आठवी झाली की तिला लॉन्ड्रीत घ्यायचं म्हणते. हात तयार असेल तर आठवी तरी कशाला, आत्तापासूनच येऊ दे. घरी विचारलं तर म्हणते, मला येत नाही. पोरं कामाच्या वेळी असंच म्हणतात. म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात.”

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. आत्या काही दुष्ट नव्हती, हे त्यांना दिसत होतं. दमलेली होती. खरं बोलावं तर त्या दमलेल्या हातांना मदत मिळत होती. आणि गुठळीचं काय होणार होतं, तेही आता स्पष्ट दिसत होतं.

“इतर विषयांत बरी आहे का ती?” बाईंनी मावशींना विचारलं.

“गणिताचे सर तर तिचं नाव काढल्याशिवाय पाणी पीत नाहीत,” मावशी म्हणाल्या.

बाई आत्याकडे वळल्या. “हे बघा, तिचे हात या कामाचे नाहीत. मी वर्षभर बघतेय. काही जणींना जन्मात जमत नाही, त्यातली ती आहे. तुमच्या चादरी जाळून ठेवेल आणि दवाखाना तुमचं काम काढून घेईल. तिला शिकू द्या. हे काम तिला देऊ नका.”

आत्याने बोटांवरची चिंधी घट्ट केली. “बरं,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार.” आणि गेली.

खिडकीच्या खाली, तारांपाशी, गुठळी वर्गाचे वाळलेले कपडे काढत होती. तिने सगळं ऐकलं. बाईंना ते दिसलं नाही, पण खिडकीत वाळत ठेवलेल्या मला तिचा चेहरा दिसला. जे तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. तरी तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत मारली आहे. मुद्दाम चुकणाऱ्यालाही वाटतंच ना, की कुणीतरी एकाने तरी आपल्याला ओळखावं. तिला वाटलं होतं, ते एक माणूस बाई असतील.

मावशी मागे राहिल्या होत्या. त्यांनी दार लोटलं. “बाई, हे काय केलंत? पोरीचा हात कसा आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. तो रुमाल…”

“माहीत आहे मला तिचा हात.”

“मग निदान तिला तरी सांगा. नाहीतर ती मनाला लावून घेईल.”

“तिला सांगितलं तर ती घरी जाऊन हसेल,” बाई म्हणाल्या. “आणि आत्याला एका मिनिटात कळेल. त्यापेक्षा ती रडली तरी बरं. मावशी, हे बाहेर जायला नको.”

त्या दिवशी बाईंनी स्वतः खळ चढवली आणि ती बुडाला लागली. त्यांच्या हातून असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गुठळी पुढे शिकली. दहावीपर्यंत ती त्याच शाळेत होती. गृहशास्त्र आठवीनंतर नव्हतं, म्हणून खोलीत यायचं तिला कारण उरलं नाही. पण खोलीवरून ती रोज जायची, आणि त्या दोन वर्षांत तिने एकदाही आत मान वळवली नाही. बाई मात्र त्या वेळेला दाराजवळच काहीतरी काम काढायच्या. कधी बिजागरीला तेल, कधी फळा पुसणं. तिची पावलं पुढे निघून गेली की डबा उघडायच्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती पेढ्यांचा डबा घेऊन सगळ्या शिक्षकांकडे गेली. आमच्याकडे आली नाही. बाई त्या दिवशी शाळा बंद होईपर्यंत खोलीत बसल्या होत्या. मग त्यांनी मला पुसलं, फळीवर ठेवलं आणि कुलूप लावलं.

पुढे दिवस बदलले. खळ घालायची गरज नसलेले कपडे आले. पालक म्हणू लागले, मुलींना इस्त्री शिकवायला शाळा कशाला हवी? मुलींनीच का शिकावं, असंही कुणी विचारलं, आणि तो प्रश्न बरोबर होता. बाई म्हणाल्या, “मग मुलांनाही शिकवा.” त्यावर सगळे हसले. विषय बंद झाला. टेबलांवर कॉम्प्युटर आले. बाईंना ग्रंथालयात बसवलं, आणि मला स्टेजखालच्या कोठीत.

निवृत्तीच्या दिवशी बाई कोठीत आल्या. सोबत लेखनिक होता. बाईंनी मला शोधून काढलं, आतून बाहेरून पाहिलं.

“ही मी नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“यादीत आहे बाई. पण न्या की, कोण बघतंय इथे?”

“यादीत आहे ना? मग राहू दे.” त्यांनी मला खाली ठेवलं. आयुष्यात एकदाच खोटं बोललेल्या त्या बाईला एक पातेली अशीच उचलून नेता आली नाही.

त्यानंतर कोठीत किती वर्षं गेली, मला सांगता येत नाही. माझ्यात आधी खडूचे तुकडे पडले, मग नाटकातल्या मिशा, मग काहीच नाही. वर स्टेजवर पावलं वाजायची, टाळ्या व्हायच्या, आणि माझ्या अंगावर धूळ पडायची.

मग एक दिवस दार उघडलं. इमारत पाडून नवी बांधायची होती. सरकारी बांधकाम खात्याच्या इंजिनिअरबाई मोजमापाला आल्या होत्या. मागे आमच्या मावशी, आता पांढऱ्या केसांच्या. इंजिनिअरबाईंनी टेप सोडली, आकडे लिहिले आणि सामानावर नजर फिरवली.

“हे सगळं भंगारात ना?”

“हो,” मावशी म्हणाल्या आणि त्यांच्याकडे निरखून बघू लागल्या. “तू गुठळी ना ग?”

ती दचकली, मग कोरडं हसली. “हो मावशी. तीच. जन्मात खळ न येणारी.”

“अजून डोक्यात आहे ते?”

“कसं जाईल? बाईंनी स्वतः सांगितलं होतं आत्याला. मी खाली उभी होते.” तिने टेप पुन्हा ओढून धरली. “आणि गंमत सांगू? मी कॉलेजात जायच्या आधी आत्या महिनाभर आजारी होती. दवाखान्याच्या सगळ्या चादरी मी एकटीने केल्या. आत्या खाटेवरून बघत होती. म्हणाली, ‘तुझ्या बाईंना काही कळत नाही हं.’ आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा अर्ज तिनेच आणून दिला. मीही तेच म्हणत आले इतकी वर्षं, की बाईंना काही कळलं नाही.”

मावशी खोक्यावर बसल्या. “पोरी, तुझ्या आत्याला कळलं, आणि तुला कळलं नाही?”

“काय?”

“तू रुमाल केलास त्या दिवशी बाई दारात होत्या. सगळं पाहिलं त्यांनी. तुला लॉन्ड्रीत घालू नये म्हणून खोटं बोलल्या. मला शपथ नव्हती घातली, पण गप्प राहा म्हणाल्या, म्हणून राहिले.”

तिच्या हातातली टेप सुटली आणि सरसर आत गेली.  मग तिने फक्त एवढंच विचारलं, “कुठे असतात बाई?”

मावशींनी पत्ता सांगितला. नदीपलीकडे, एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक संस्था होती, तिथे. लेखनिकाला बोलावून तिने माझ्या नावावर यादीत रेघ मारायला लावली, त्याखाली सही केली, आणि मला मोटारीत शेजारच्या सीटवर ठेवलं. वाटेत ती मधूनच पुटपुटत होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, याची तयारी चालली होती बहुतेक.

संस्थेच्या दारात एक मदतनीस बाई भेटल्या. नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

“त्या फेब्रुवारीतच गेल्या हो. कोण तुम्ही? नातेवाईक?”

“विद्यार्थिनी.”

“अगबाई. आम्हाला वाटलं होतं, त्यांना कुणीच नाही. आमच्या चादरींना नेहमी नावं ठेवायच्या, पण सगळ्यांचे रुमाल स्वतः इस्त्री करून द्यायच्या. दुपारी चारला दारापाशी खुर्ची घेऊन बसायच्या. कुणाची वाट बघता म्हटलं तर म्हणायच्या, शाळा सुटायची वेळ झाली.”

दोन महिने. फक्त दोन महिन्यांचा उशीर झाला होता.

अंगणात एक बाक होता. ती त्यावर बसली आणि मला मांडीवर घेतलं. समोर तारांवर कुणाचे तरी कपडे हलत होते. ती रडली नाही. माझ्या काठावर दोन्ही हात ठेवून ती खाली वाकली आणि माझ्यातच बघत हळूच म्हणाली, “बाई, मला येत होतं.”

ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते आधीपासून माहीत होतं. पण तिच्या तोंडून ते त्यांना ऐकायला मिळालं नाही, आणि तिला सांगायला मिळालं नाही. ते वाक्य माझ्यात येऊन पडलं.

आता मी तिच्या घरी, खिडकीच्या कठड्यावर असते. ती मला स्वच्छ ठेवते. माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, जुनी भांडी फुटेपर्यंत टिकतात, माणसं तशी टिकत नाहीत. तुमच्यावर कुणी कठोर झालं असेल, आणि का झालं ते तुम्हाला अजून कळलं नसेल, तर मनात अढी धरून दारावरून पुढे जाऊ नका. आत जा आणि विचारा. उत्तर कदाचित कडू असेल, कदाचित नसेल. पण विचारायला माणूस समोर असतं, तोवरच विचारता येतं. नंतर एखादी पातेली ऐकते. आणि पातेलीला उत्तर देता येत नाही.